बहात्तर वर्षे आणि एक तास

१९२० साली अमेरिकेतल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. शाळेच्या पुस्तकात हा विषय बहुधा एवढ्याच वाक्यात आटोपतो. वाक्य बिनचूक आहे, परीक्षेत गुणही मिळवून देते. पण एवढेच वाचलेल्या मुलामुलींची समजूत अशी होते की काळ पुढे सरकला, लोक शहाणे झाले आणि एके दिवशी सरकारने हक्क देऊन टाकला.

प्रत्यक्ष हिशेब फार वेगळा आहे. चळवळीच्या शेवटच्या टप्प्यातल्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांनी तो मांडून ठेवला. १८६८ नंतरच्या बावन्न वर्षांत स्त्रियांना ५६ वेळा पुरुष मतदारांपुढे सार्वमताची परीक्षा द्यावी लागली. विधिमंडळांनी हा प्रश्न सार्वमताला टाकावा म्हणून ४८० मोहिमा झाल्या, राज्यांतल्या पक्ष-अधिवेशनांनी ही मागणी उचलून धरावी म्हणून २७७, आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेसपुढे लागोपाठ १९. बहुतेक मोहिमा हरल्या.

हा विषय शिकवायचा असेल तर हे पराभव शिकवायला हवेत, असे माझे ठाम मत आहे. विजयाच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवतात. दार नेमके कुणी अडवले, कोणत्या नियमाने अडवले आणि मग कोणता रस्ता शोधला, हे पराभवाच्या दिवशी कळते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले विधिमंडळ, न्यायालय, घटनादुरुस्ती हे कोरडे शब्द तिथे जिवंत होतात. त्यासाठी फार सामग्री लागत नाही. काही जुने कागद, एक नकाशा आणि थोडे गणित पुरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने यातले बरेच कागद शिक्षकांसाठी खुले केले आहेत. सुसान अँथनी, कॅट, मेरी चर्च टेरेल या कार्यकर्त्यांच्या हस्तलिखितांचे वाचन करून ती टंकलिखित करण्याच्या कामात तर सामान्य नागरिकही सहभागी झाले आहेत.

शेजारी ठेवलेले दोन जाहीरनामे

१९ आणि २० जुलै १८४८. न्यूयॉर्क राज्यातले सेनेका फॉल्स हे गाव, तिथले वेस्लियन चॅपल. स्त्रियांच्या हक्कांच्या परिषदेसाठी सुमारे ३०० माणसे जमली होती. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी तिथे एक जाहीरनामा वाचला. त्याची घडण त्यांनी जाणूनबुजून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरून घेतली होती. तिथे इंग्लंडच्या राजाविरुद्ध गाऱ्हाण्यांची यादी होती, इथे पुरुषसत्तेविरुद्ध. सर्व पुरुष समान आहेत, या जुन्या विधानात स्त्रियांची भर घातली होती.

वर्गात हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवावेत आणि मुलांना फरक अधोरेखित करायला सांगावे. एक गाऱ्हाणे त्यांना लगेच खटकेल: लग्न झाले की कायद्याच्या नजरेतून बाई नाहीशी होते. तिची कमाई नवऱ्याची, घटस्फोट झाला तर मुलांवर पहिला हक्क त्याचा. न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क देणारा कायदा केला होता. पण तिच्या कष्टाच्या मजुरीवर तिचा हक्क मान्य व्हायला १८६० उजाडले.

परिषदेतले बाकी ठराव एकमताने मंजूर झाले. फक्त मताधिकाराच्या ठरावावर घोडे अडले. ल्युक्रेशिया मॉट यांच्यासारख्या खंद्या कार्यकर्तीलाही वाटले की या मागणीने आपले हसे होईल. गुलामगिरीतून निसटून स्वतंत्र झालेले फ्रेडरिक डग्लस त्या सभेत उठून या ठरावाच्या बाजूने बोलले आणि ठराव तरला. जाहीरनाम्यावर १०० सह्या झाल्या: ६८ स्त्रिया, ३२ पुरुष. पुढे वर्तमानपत्रांनी टिंगल सुरू केली तेव्हा काहींनी आपली नावे मागेही घेतली.

सह्या करणाऱ्यांत शार्लट वुडवर्ड नावाची एक तरुण मुलगी होती. ती घरी बसून हातमोजे शिवायची आणि त्याची मजुरी तिच्या हाती राहत नसे. त्या शंभर जणांपैकी १९२० साली हयात असलेली ती एकटीच. त्या वर्षीच्या मतदानाच्या दिवशी ती आजारी होती, त्यामुळे मत देऊ शकली नाही. बहात्तर वर्षे म्हणजे किती, हे मुलांना समजावण्यासाठी या एका आयुष्याएवढे दुसरे चांगले माप नाही.

नकाशावरची वाट

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना इथे एक गोष्ट आधी सांगावी लागते. भारतात प्रौढ मताधिकार संविधानाने एकदम सगळ्या देशाला लागू केला. अमेरिकेत मताधिकार कुणाला द्यायचा हे मुख्यतः प्रत्येक राज्य ठरवत असे. म्हणून ही लढाई एकाच वेळी अनेक राजधान्यांत लढली गेली.

कोरा नकाशा द्यावा आणि वर्षे सांगत रंग भरायला लावावेत. वायोमिंग, तेव्हा राज्यही नव्हते, नुसता प्रदेश होता. १० डिसेंबर १८६९. पुढच्या सप्टेंबरात लारामी गावात लुईझा स्वेन या वृद्ध बाईंनी तिथे मत दिले. मग युटा, १८७०. कोलोरॅडो, १८९३, तिथे पुरुष मतदारांनी सार्वमताने होकार दिला. आयडाहो, १८९६. पुढे १९१० मध्ये वॉशिंग्टन राज्य आणि १९११ मध्ये कॅलिफोर्निया. रंग पश्चिमेकडून येतो, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते, आणि का, असा प्रश्न त्यांच्यातूनच निघतो. उत्तराला अनेक पदर आहेत. वायोमिंगमध्ये बायकांची संख्या फार थोडी होती आणि वस्ती वाढावी, प्रदेशाचे नाव व्हावे असे पुढाऱ्यांना वाटत होते. युटामध्ये मॉर्मन समाज आणि केंद्र सरकार यांच्यातला तंटा होता. म्हणजे हक्काच्या मागे तत्त्वही असते आणि राजकारणही.

याच नकाशावर दोन ठिकाणी खोडरबर लागते. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या स्त्रिया १७७६ पासून मत देऊ शकत होत्या. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला. युटातल्या स्त्रियांचा हक्क १८८७ मध्ये काँग्रेसने कायदा करून रद्द केला. राज्य झाल्यावर १८९६ मध्ये तो परत आला. मिळालेला हक्क जाऊही शकतो, हा धडा या दोन खुणांइतका ठसठशीत दुसरीकडे सापडत नाही.

मत दिल्याचा गुन्हा

वर्गात नाटक बसवायचे असेल तर सुसान बी. अँथनी यांच्या खटल्यासारखे कथानक नाही. १ नोव्हेंबर १८७२ रोजी अँथनी आपल्या बहिणींसह रॉचेस्टर शहरातल्या एका न्हाव्याच्या दुकानात गेल्या. तिथे मतदार नोंदणी चालली होती. त्यांचा युक्तिवाद साधा होता. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे अमेरिकेत जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे आणि नागरिकाचे हक्क कोणतेही राज्य हिरावू शकत नाही. मी नागरिक आहे, तेव्हा माझे नाव लिहा. अधिकारी चाचरले, पण त्यांनी नाव लिहिले. ५ नोव्हेंबरला त्यांनी आणि आणखी चौदा स्त्रियांनी मत दिले. दोन आठवड्यांत अटक झाली.

खटल्याआधी अँथनी यांनी मनरो काउंटीतली गावे पालथी घातली. ज्युरीतले पुरुष याच गावांतून निवडले जाणार होते. नागरिकाने मत देणे हा गुन्हा ठरतो का, एवढाच विषय घेऊन त्या बोलत राहिल्या. सरकारी वकिलाने खटला शेजारच्या काउंटीत, कॅननडेग्वा गावी हलवला, तर त्या तिथेही जाऊन बोलल्या. जून १८७३ मध्ये न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांच्यासमोर सुनावणी झाली. आरोपीला साक्ष देऊ दिली नाही. युक्तिवाद संपताच हंट यांनी आधीच लिहून आणलेला निर्णय वाचला आणि ज्युरीला विचारविनिमय करू न देता दोषी ठरवण्याचा आदेश दिला. १०० डॉलर दंड झाला. मी एक छदामही भरणार नाही, असे अँथनी यांनी तिथेच सांगितले आणि तो कधीच भरला नाही. दंडाच्या वसुलीसाठी तुरुंगात टाकण्याचा हुकूम हंट यांनी दिला नाही. तुरुंगात टाकले असते तर त्यांना वरच्या न्यायालयात दाद मागता आली असती.

१८७४ च्या जानेवारीत अँथनी यांनी काँग्रेसकडे दंड माफ करण्याची मागणी करणारा अर्ज पाठवला. तो कागद आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यात दयेची याचना नाही. ज्युरीकडून न्याय मिळण्याचा हक्क न्यायाधीशाने कसा डावलला, त्याची तक्रार आहे. मुलांना ज्युरी बनवून हाच खटला चालवायला द्यावा, पण या वेळी ज्युरीला बोलू द्यावे. शेवटी मात्र खरा निकाल सांगायला विसरू नये. १८७५ मध्ये सेंट लुईच्या व्हर्जिनिया मायनर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले की स्त्री नागरिक आहे हे खरे, पण नागरिकत्वात मताधिकार येतोच असे नाही. न्यायालयाचा रस्ता बंद झाला. आता घटनाच बदलायला हवी होती. तसा प्रस्ताव कॅलिफोर्नियाचे सिनेटर सार्जंट यांनी १८७८ मध्ये मांडला. १८८७ मध्ये सिनेटने तो १६ विरुद्ध ३४ मतांनी फेटाळला.

घरातली फूट

काही शिक्षक नायिकांच्या गौरवावर थांबतात. तिथे थांबणे म्हणजे मुलांना अर्धे सत्य देणे. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणारी पंधरावी घटनादुरुस्ती आली, तिच्यात स्त्रियांचा उल्लेख नव्हता. तिला पाठिंबा द्यायचा की नाही, यावर १८६९ मध्ये चळवळ दुभंगली. चळवळीतल्या लुसी स्टोन यांनी पाठिंबा दिला. स्टँटन आणि अँथनी यांनी विरोध केला, आणि तो करताना स्टँटन यांनी कृष्णवर्णीय आणि परदेशातून आलेल्या पुरुषांविषयी हीन भाषा वापरली. सेनेका फॉल्सचा ठराव ज्या डग्लस यांनी तारला, त्यांनाच हे ऐकावे लागले. कृष्णवर्णीय कवयित्री आणि वक्त्या फ्रान्सेस हार्पर या दोन्ही अन्यायांच्या कात्रीत होत्या. त्यांनी डग्लस यांची बाजू घेतली. दोन संघटना एकत्र यायला १८९० साल लागले.

पुढे स्टँटन आणि अँथनी यांनी सहकाऱ्यांसह चळवळीचा इतिहास लिहायला घेतला. १८८१ ते १९२२ या काळात त्याचे सहा जाडजूड खंड निघाले. सेनेका फॉल्स हाच आरंभ, ही मांडणी प्रामुख्याने या खंडांमुळे रुजली. लुसी स्टोन यांच्या गटाला आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यात पुरेशी जागा मिळाली नाही. साधन कुणी लिहिले, केव्हा लिहिले, कुणाला वगळले, हे प्रश्न विचारायला शिकवणारा याहून चांगला नमुना इतिहासाच्या शिक्षकाला क्वचित मिळेल.

३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये हजारो स्त्रियांची भव्य मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा शपथविधी होता. शिकागोहून आलेल्या निर्भीड पत्रकार आयडा बी. वेल्स यांना सांगण्यात आले की दक्षिणेतल्या गोऱ्या स्त्रिया नाराज होतील, तेव्हा तुम्ही मागे, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या तुकडीत चाला. वेल्स बाजूला झाल्या, मिरवणूक सुरू झाल्यावर प्रेक्षकांतून पुढे आल्या आणि इलिनॉयच्या तुकडीत आपल्या जागी चालू लागल्या.

विरोध करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या, हे ऐकून मुले चकित होतात. १९११ मध्ये जोसेफिन डॉज यांच्या पुढाकाराने मताधिकारविरोधी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. राजकारणात उतरल्यास स्त्रियांचे समाजकार्यातले वजन जाईल, घर विस्कटेल, असे तिचे म्हणणे होते. दारू धंद्यातल्या लोकांना वेगळीच भीती होती: बायका मत द्यायला लागल्या तर दारूबंदी येईल. विरोधकांची पत्रके मुलांनी स्वतः वाचावीत आणि त्यांना उत्तरे लिहावीत.

दोन वाटा, एक वेस

शेवटच्या दशकात चळवळीच्या दोन वाटा झाल्या. कॅट यांची मोठी संघटना राज्याराज्यांत चिकाटीने मते जमवत होती. १९१५ मध्ये न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनिया या चार राज्यांत सार्वमत झाले. पेनसिल्व्हेनियात स्त्रियांनी स्वातंत्र्याच्या घंटेची प्रतिकृती ओतून घेतली, तिचा लोलक साखळीने बांधला आणि ती मुकी घंटा गाडीवरून राज्यातल्या ६७ काउंट्यांत फिरवली. चारही राज्यांत पराभव झाला. न्यूयॉर्कच्या कार्यकर्त्या पुन्हा दारोदार फिरायला लागल्या आणि दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, तेच राज्य जिंकले.

अॅलिस पॉल यांची वाट दुसरी. १० जानेवारी १९१७ पासून त्यांच्या गटाच्या स्त्रिया व्हाइट हाउसच्या फाटकाशी फलक घेऊन मूकपणे उभ्या राहू लागल्या. पावसात, बर्फात, आठवड्याचे सहा दिवस. अमेरिका महायुद्धात उतरल्यावर त्यांना देशद्रोही म्हटले गेले, त्यांचे फलक फाडले गेले. जूनपासून अटकसत्र सुरू झाले. आरोप काय, तर पदपथावरची रहदारी अडवली. १४ नोव्हेंबरच्या रात्री व्हर्जिनियातल्या ऑकोक्वान तुरुंगात ३३ स्त्रियांना मारहाण झाली. ल्युसी बर्न्स यांचे हात डोक्यावर कोठडीच्या गजांना जखडून त्यांना रात्रभर उभे ठेवले. अन्नत्याग केलेल्या पॉल यांना आणि इतरांना नळीने बळजबरीने अन्न घालण्यात आले. बातम्या बाहेर आल्या आणि लोकमत हलले.

कोणत्या वाटेने यश आले? हा प्रश्न वर्गात वादविवादासाठी टाकावा. माझे उत्तर असे की एकीने दार ठोठावले नसते तर दुसरीने जमवलेली मते वॉशिंग्टनने मोजली नसती, आणि मतेच नसती तर ठोठावण्याला कुणी दाद दिली नसती.

आता गणित. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि नंतर तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. १० जानेवारी १९१८ रोजी प्रतिनिधिगृहात २७४ विरुद्ध १३६ मते पडली. मुलांना ४१० चे दोन तृतीयांश काढायला सांगा. एक मत कमी पडते तर ठराव पडला असता. ऑक्टोबरमध्ये सिनेटमध्ये दोन मते कमी पडली, पुढच्या फेब्रुवारीत एक. अखेर ४ जून १९१९ रोजी ५६ विरुद्ध २५ मतांनी सिनेटने मंजुरी दिली. तेव्हा राज्ये ४८ होती, म्हणजे ३६ हवी होती.

पस्तीस राज्यांपर्यंत गाडी आली आणि रुतली. ऑगस्ट १९२० मध्ये सगळ्यांच्या नजरा टेनेसीची राजधानी नॅशव्हिलकडे लागल्या. दोन्ही बाजूंचे पुढारी हर्मिटेज हॉटेलात ठाण मांडून बसले होते. समर्थकांच्या छातीवर पिवळा गुलाब, विरोधकांच्या छातीवर लाल. प्रस्ताव बाजूला ठेवण्याच्या सूचनेवर ४८ विरुद्ध ४८ अशी बरोबरी झाली. मग मूळ प्रस्तावावर नावे पुकारली जाऊ लागली. चोवीस वर्षांचे प्रतिनिधी हॅरी बर्न यांच्या कोटावर लाल गुलाब होता. खिशात आई फेब बर्न यांचे पत्र होते. घरच्या गप्पागोष्टींच्या मध्येच तिने मुलाला मताधिकाराच्या बाजूने मत देण्यास बजावले होते. बर्न यांनी होकार दिला आणि पारडे फिरले. तारीख १८ ऑगस्ट. २६ ऑगस्टला ही एकोणिसावी घटनादुरुस्ती अधिकृतपणे जाहीर झाली.

१९२० नंतरचा तास

इथे वही मिटली तर विषय अर्धवट राहतो. न्यूयॉर्कच्या १९१२ च्या मिरवणुकीत सोळा वर्षांची मेबल पिंग-हुआ ली घोड्यावर स्वार होऊन अग्रभागी होती. पुढे त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पण कायद्याने चिनी माणसांना अमेरिकेचे नागरिकत्व घेता येत नव्हते. तो कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. तोवर त्यांच्यासारख्यांना मत नव्हते. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व १९२४ मध्ये मिळाले, तरी अॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी त्यांना १९४८ पर्यंत मतदानापासून रोखले.

दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी एकोणिसावी दुरुस्ती बराच काळ कागदावरच राहिली. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मिसिसिपीतल्या शेतमजूर फॅनी लू हॅमर इतर सतरा जणांबरोबर बसने इंडियनोला गावी नाव नोंदवायला गेल्या. त्यांना राज्यघटनेतले एक कलम समजावून सांगायला लावले आणि नापास केले. त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने त्यांना कामावरून आणि घरातून हाकलले. पुढच्या वर्षी पोलीस कोठडीत त्यांना अमानुष मारहाण झाली. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सारे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे सांगितले. मतदान हक्क कायदा ६ ऑगस्ट १९६५ रोजी आला. ज्या मिसिसिपीत हे घडले, त्या राज्याने एकोणिसाव्या दुरुस्तीला औपचारिक मान्यता दिली ती १९८४ मध्ये.

मराठी वर्गासाठी

आपल्या मुलांना या विषयात शिरण्यासाठी घरचाच दरवाजा आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. अँथनी, स्टँटन हयात होत्या, युटातल्या स्त्रियांचा हक्क काढून घेतला गेला, सिनेटने प्रस्ताव फेटाळला, तो हा काळ. मद्यपानविरोधी स्त्री-संघटनेच्या नेत्या आणि मताधिकाराच्या पुरस्कर्त्या फ्रान्सेस विलर्ड यांच्याशी रमाबाईंचा स्नेह जडला. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. चळवळ भरात असताना एका मराठी बाईने ती जवळून पाहून आपल्या भाषेत नोंदवली, ही मोलाची गोष्ट आहे. मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाने १९२१ मध्ये स्त्रियांवरची मताधिकाराची बंदी उठवली, मालमत्तेच्या अटी मात्र कायम राहिल्या. दोन्ही देशांची कालरेषा फळ्यावर समोरासमोर आखली तर मुलांना तुलना करण्यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही.

शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे. एका तासात बहात्तर वर्षे बसणार नाहीत, तेव्हा ती कोंबू नका. एकच हरलेली मोहीम निवडा: अँथनी यांचा खटला, १९१५ चे सार्वमत किंवा हॅमर यांची इंडियनोलाची फेरी. मूळ कागद मुलांच्या हाती द्या. कुठल्या नियमाने दार बंद झाले ते त्यांना शोधू द्या, आणि मग विचारा: तुम्ही तिथे असता तर दुसऱ्या दिवशी काय केले असते? उत्तरे लिहून घ्या आणि त्यावर चर्चा घडवा. अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव घालायला जाताना ही मुले तो तास विसरणार नाहीत.